मुखपृष्ठावरील माणूस

पुस्तकाला पाने असतात, कणा असतो, तसा चेहराही असतो. इंग्रजीतील ‘कव्हर’ म्हणजे आवरण; आतल्या वस्तूवर धूळ बसू नये म्हणून घातलेले. मराठीतील ‘मुखपृष्ठ’ या शब्दात मात्र तोंड आहे. ते आपल्याकडे पाहते, आपल्याशी काही बोलू पाहते. झाकणे आणि बोलणे ही दोन्ही कामे त्याला एकाच वेळी करावी लागतात आणि या दोहोंचा तोल साधणे हीच मुखपृष्ठकाराची कसोटी असते.

वसईच्या एका शाळेत मी तीस वर्षे चित्रकला शिकवली. त्या काळात गावोगावच्या हौशी लेखकांच्या पुस्तकांना मुखपृष्ठे करून देण्याचा नाद मला जडला. कुणाचा पहिला कवितासंग्रह, कुठल्या धर्मग्रामाची स्मरणिका, एखाद्या निवृत्त शिक्षकाचे आत्मकथन. मानधन म्हणजे बहुधा पुस्तकाच्या पाच प्रती आणि मनापासून पाजलेला चहा. आरंभीचा काळ खिळ्यांच्या छपाईचा होता. चित्र तयार झाले की ते घेऊन मुंबईला ब्लॉकमेकरकडे जायचे. प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक आणि प्रत्येक ब्लॉकचे वेगळे पैसे. लेखकाच्या खिशाला दोनाहून अधिक रंग सहसा परवडत नसत. तेव्हा एक काळा, एक आणखी कोणता तरी, आणि तिसरा कागदाचा स्वतःचा रंग असा हिशेब करावा लागे. त्या ओढाताणीतच मला उमगले की कागदाचा कोरा भाग हा उरलेला भाग नसतो. तोही चित्राचाच भाग असतो आणि पुष्कळदा तोच सर्वांत अधिक बोलतो.

मुखपृष्ठ प्रभावी कशाने होते, असे मला नवोदित लेखक विचारीत. पहिली गोष्ट अगदी व्यवहाराची. ग्रंथप्रदर्शनातील टेबलावर शेकडो पुस्तके मांडलेली असतात आणि वाचक चार पावले दूर असतो. तेवढ्या अंतरावरून पुस्तकाचे नाव वाचता आले पाहिजे. आता पुस्तके भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढी दिसतात; म्हणजे अंतर बदलले, नियम तोच राहिला. दुसरी गोष्ट, मुखपृष्ठाने एकच काही सांगावे. आमच्या लेखकांना चर्चचा मनोरा, समुद्र, बैलगाडी, आजीचा चेहरा आणि कोपऱ्यात स्वतःचे छायाचित्र असे सारे एकत्र हवे असे. त्यांची समजूत घालण्यात माझा अर्धा वेळ जाई. तिसरी गोष्ट, मुखपृष्ठाने कथा सांगू नये, सुचवावी. मूळचे गोमंतकीय असलेले चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी मराठी वाचकाला मुखपृष्ठ पाहण्याची दृष्टी दिली. त्यांच्या रंगांवर पोसलेल्या माझ्या पिढीला हे सूचकतेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नव्हते. चांगले मुखपृष्ठ वाचक दोनदा पाहतो. एकदा पुस्तक उघडण्यापूर्वी, कुतूहलाने; आणि पुन्हा शेवटचे पान मिटल्यावर, उमजून. दुसऱ्या वेळी त्यात पहिल्याहून अधिक दिसले, तर ते जमले असे समजावे.

चौथी गोष्ट मात्र मला उशिरा, निवृत्तीनंतरच्या वाचनात सापडली, आणि तिच्यासाठीच हा लेखनप्रपंच. मुखपृष्ठ हे एक वचन असते. आत कोण आहे आणि हे पुस्तक कोणासाठी आहे, ही दोन विधाने ते शब्दांवाचून करीत असते. ते विधान खोटे असेल तर काय होते, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील पुस्तकांच्या दुकानात डोकवावे लागते. कारण तिथे हा प्रश्न माणसाच्या कातडीच्या रंगाशी येऊन भिडलेला आहे.

जस्टिन लार्बलेस्टिअर या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘लायर’ ही किशोरांसाठीची कादंबरी २००९ साली प्रसिद्ध झाली. तिची निवेदिका मिका ही कृष्णवर्णीय, आखूड कुरळ्या केसांची मुलगी आहे. परंतु अमेरिकन आवृत्तीसाठी आधी जे मुखपृष्ठ तयार झाले, त्यावर लांब, सरळ केसांची गोरी मुलगी होती! प्रकाशकांचे समर्थन असे की, निवेदिका मुळातच खोटारडी आहे, तेव्हा तिने स्वतःविषयी सांगितलेले खरे कशावरून? लेखिकेने जाहीरपणे नापसंती व्यक्त केली, वाचकांनी आवाज उठवला आणि पुस्तक बाजारात येण्यापूर्वी मुखपृष्ठ बदलण्यात आले. पण तोवर जे व्हायचे ते झाले होते. आगाऊ प्रती वाचलेले काही जण मिका खरेच काळी आहे का, अशी शंका घेऊ लागले होते. आतले सगळे शब्द एका बाजूला आणि वरचे एक चित्र दुसऱ्या बाजूला. वाचकाने विश्वास ठेवला तो चित्रावर. मुखपृष्ठाचे सामर्थ्य याहून स्पष्ट कुठे दिसणार?

हे एखादे अपवादात्मक उदाहरण नव्हे. अर्सुला ल ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या गाजलेल्या कादंबरीचा नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे आणि त्याचा जिवलग मित्र काळा आहे. पहिल्या आवृत्तीच्या चित्रकर्त्रीने ते ध्यानात ठेवले होते. पुढच्या कित्येक आवृत्त्यांवर मात्र गेड गोरा होऊन अवतरत राहिला आणि लेखिका वर्षानुवर्षे त्याबद्दल तक्रार करीत राहिल्या. ऑक्टेव्हिया बटलर या स्वतः कृष्णवर्णीय लेखिका. त्यांच्या ‘डॉन’ (१९८७) या कादंबरीची नायिकाही कृष्णवर्णीय. मुखपृष्ठावर मात्र गोरी स्त्री. यामागे कोणी बसून दुष्ट बेत रचला होता असे नाही. पुस्तक-व्यवसायात एक समजूत मुरलेली होती: मुखपृष्ठावर काळा चेहरा असला की पुस्तक खपत नाही. ती कोणी तपासून पाहिली नव्हती. अशी पुस्तके कमी काढायची, त्यांची जाहिरात कमी करायची, दुकानात ती मागच्या फळीवर ठेवायची आणि मग खप कमी झाला की समजुतीला पुरावा मिळाला म्हणायचे, असे ते चक्र होते.

चेहरा लपवणे हा अन्यायाचा एक प्रकार. दुसरा प्रकार त्याच्या अगदी उलट आहे. त्यात चेहरा मिरवला जातो, पण तो त्या माणसाचा नसतो. झुंपा लाहिरी यांनी ‘द क्लोदिंग ऑफ बुक्स’ या २०१६ साली इंग्रजीत आलेल्या छोट्या पुस्तकात मुखपृष्ठाला पुस्तकाच्या वस्त्रांची उपमा दिली आहे. बंगाली आईवडिलांची ही मुलगी अमेरिकेत वाढली. कलकत्त्याला गेल्यावर तिला आपल्या भावंडांच्या शाळेच्या गणवेशाचा हेवा वाटे. कारण गणवेशात वेगळे दिसण्याचे ओझे नसते. पुढे ती लेखिका झाली. तिच्या कथांतील माणसे बहुतांशी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील शहरांत राहतात, नोकऱ्या करतात, बर्फ उपसतात, एकटी पडतात. त्यांच्यावर चढवलेली मुखपृष्ठे मात्र निरनिराळ्या देशांत हत्ती, मेंदीचे हात आणि गंगेचा घाट दाखवीत राहिली. आफ्रिकेविषयीच्या पुस्तकांचे तसेच. कथा लागोसच्या गर्दीतली असो की वाळवंटातली, वर नारिंगी सूर्यास्त आणि त्यापुढे छत्रीसारखे पसरलेले बाभूळवर्गी झाड. २०१४ साली कोणीतरी अशी मुखपृष्ठे शेजारीशेजारी मांडून दाखवली, तेव्हा एकाच पुस्तकाच्या आवृत्त्या वाटाव्यात असा तो देखावा होता. ही चित्रे कुरूप नव्हती, अपमानकारकही नव्हती. पण ‘तू कोण आहेस हे मला आधीच ठाऊक आहे’ असे ती प्रत्येक लेखकाला सांगत होती.

चूक सुधारण्याची घाईही कशी अंगाशी येते, त्याचा एक नमुना. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या पुस्तकविक्रेत्याने ‘फ्रँकेन्स्टाइन’, ‘मोबी डिक’ यांसारख्या जुन्या अभिजात पुस्तकांवर कृष्णवर्णीय आणि अन्य वर्णांचे चेहरे छापून ती विक्रीला ठेवण्याची योजना आखली. आतला मजकूर तोच, लेखक तेच, केवळ चेहरे नवे. कृष्णवर्णीय लेखकांनी विचारले की, आमची स्वतःची पुस्तके असताना दुसऱ्यांच्या पुस्तकांवर आमचे मुखवटे कशाला? विक्रेत्याला योजना तत्काळ गुंडाळावी लागली. मुखपृष्ठ आणि पुस्तक यांचे नाते तुटले की चांगला हेतूही त्याला वाचवू शकत नाही.

इथपर्यंत पुस्तकांचे बोललो. पण माणसांच्या बाबतीतही रोजच्या रोज हेच घडत असते. चेहरा, नाव, आडनाव, बोलण्याची ढब ही माणसाची मुखपृष्ठे. ती पाहून आपण आतला मजकूर ठरवतो आणि पुढे तो मजकूर वाचण्याची तसदीही घेत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० च्या सुमारास अशा वागण्यासाठी ‘मायक्रोअ‍ॅग्रेशन’ हा शब्द घडवला. मराठीत त्याला सूक्ष्म आघात म्हणता येईल. तो उघड शिवीसारखा नसतो, मारहाणीसारखा तर नसतोच. तो एखाद्या प्रश्नात, कौतुकात, हसण्यात किंवा पर्स जरा जवळ ओढून घेण्यात असतो. करणाऱ्याला बहुधा त्याची जाणीवही नसते. पिअर्स यांचे म्हणणे असे की, सुटा घेतला तर तो क्षुल्लक वाटतो. परंतु आयुष्यभराची बेरीज क्षुल्लक राहत नाही.

माझी भाची गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत परिचारिका आहे. ती सुट्टीत आली असताना मी तिला विचारले, “तिकडे तुला कोणी कधी वाईट वागवले का गं?” ती हसली. म्हणाली, “वाईट नाही, मामा. सगळे गोडच बोलतात. एक आजी होत्या. त्यांचा ताप पाहिला, औषध दिले, पाठीला उशी नीट लावली. मग त्यांनी अगदी प्रेमाने विचारले, ‘बाळ, खरी नर्स कधी येणार?’ आता सांगा, यात रागवायचे कुणावर?” थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “शिवी दिली तर तक्रार करता येते, मामा. याची तक्रार कशी करणार? घरी गेल्यावर आपणच स्वतःशी वाद घालत बसतो, की आपल्याला उगाच लागले का? त्यातच निम्मी रात्र जाते.”

तिचे ते शेवटचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. सूक्ष्म आघाताची खरी इजा इथे आहे. दुखावलेल्या माणसावरच पुरावा देण्याची जबाबदारी येऊन पडते. त्याने बोलावे तर तो हळवा, चिडखोर ठरतो. न बोलावे तर ते शल्य आत राहते.

आपल्या वाचकांना याची थोडीफार ओळख नाही असे नाही. पोर्तुगीज वळणाचे आडनाव घेऊन मराठी सभेत गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी एक वाक्य ऐकलेले असते. पुण्यातील एका कार्यक्रमात माझे भाषण झाल्यावर एक वयस्क गृहस्थ आवर्जून भेटायला आले. “तुमचे मराठी फारच शुद्ध आहे हो! कुठे शिकलात?” मी म्हणालो, “आईजवळ.” ते मनमोकळे हसले आणि पुढे त्यांनी विचारले, “पण घरी तुम्ही इंग्रजीच बोलत असाल ना?” त्यांच्या मनात तिळमात्र वाईट नव्हते. पण माझ्या आईने, आजीने ज्या भाषेत जात्यावर ओव्या म्हटल्या, त्या भाषेत मी त्यांच्या लेखी पाहुणा होतो आणि पाहुण्याने घरच्यासारखे जेवण केले म्हणून ते माझे कौतुक करीत होते. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’वाचून मराठी आत्मचरित्राचा इतिहास लिहिता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आताच्या धाराशिवला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला तोदेखील त्यांच्या पुस्तकांवरून नव्हे, त्यांच्या झग्यावरून. आतली पाने न वाचता मुखपृष्ठावरून दिलेला तो अभिप्राय होता.

मात्र इथे एक भान ठेवले पाहिजे. आपल्या वाट्याला आलेली ही खंत आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दुःख यांना एका तागडीत तोलता येणार नाही. त्यांच्या मागे गुलामगिरीची शतके आहेत आणि आजही तिथे एखाद्या गैरसमजाची किंमत जीव देऊन मोजावी लागते. आपल्या अनुभवाचा उपयोग एवढाच, की त्यांचे दुःख समजून घ्यायला एक बारीकशी फट आपल्याकडे आहे.

त्याच सुट्टीत भाचीने मला एक पुस्तक दिले. क्लॉडिया रँकिन यांचे ‘सिटिझन : अ‍ॅन अमेरिकन लिरिक’. रँकिन यांचा जन्म १९६३ चा, जमैकातील किंग्स्टनचा. त्या अमेरिकेत वाढल्या. २०१४ साली आलेले हे पुस्तक म्हटले तर कविता आहे, म्हटले तर गद्य. आजवर पाहिलेल्या मुखपृष्ठांतले सर्वांत प्रभावी कोणते, असे मला कोणी विचारले तर आता मी याचेच नाव घेईन.

काय आहे त्यावर? संपूर्ण पांढरी पार्श्वभूमी. तिच्यावर एका गडद रंगाच्या जाड सदऱ्याची केवळ टोपी. थंडीत डोक्यावर ओढून घेतात, ज्याला आपली मुले ‘हुडी’ म्हणतात, त्या सदऱ्याची. ती सदऱ्यापासून कापून वेगळी केली आहे. कापल्याची कड तशीच दिसते. टोपी उघडी आहे, पण तिच्यात डोके नाही, चेहरा नाही. अक्षरे साधी. बस्स, आणखी काही नाही. आमच्या ब्लॉकमेकरने हे एका रंगात काढून दिले असते!

हे चित्र मुळात पुस्तकासाठी काढलेले नाही. डेव्हिड हॅमन्स या कृष्णवर्णीय कलावंताने १९९३ साली केलेली ती एक कलाकृती आहे. ‘इन द हूड’ असे तिचे नाव. ‘हूड’ म्हणजे डोक्यावरची टोपी आणि बोलीभाषेत ‘हूड’ म्हणजे वस्तीही. भिंतीवर टांगलेली ती कापलेली टोपी पाहताना शिकारीची मुंडकी भिंतीवर लावतात त्याची आठवण होते. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी फ्लॉरिडातील सॅनफर्ड या गावी ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र मुलगा टोपीचा सदरा घालून चालला होता. वस्तीवर पहारा देणाऱ्या एका माणसाला तो संशयास्पद वाटला आणि त्याच्या गोळीने तो मरण पावला. त्यानंतर हा सदरा अमेरिकेत निषेधाचे चिन्ह बनला. ‘सिटिझन’ हाती घेणाऱ्या अनेकांना वाटते की मुखपृष्ठ त्या घटनेवरून केले असावे. पण कलाकृती त्या घटनेच्या एकोणीस वर्षे आधीची आहे. हे कळल्यावर चित्र अधिकच अस्वस्थ करते. कारण कलावंताला भविष्य दिसले होते असे नव्हे, तर ते सगळे १९९३ मध्येही तसेच चालू होते.

मघाशी सांगितलेल्या कसोट्या या मुखपृष्ठाला लावून पाहा. दुरून ओळखता येते. एकच गोष्ट सांगते. कथा न सांगता सुचवते. आणि वचन? इथे मुखपृष्ठकाराने कोणाचाही चेहरा दिला नाही. काळ्या माणसाचा चेहरा दाखवला असता तर वाचकाने ‘हे त्यांचे पुस्तक’ म्हणून ते बाजूला ठेवले असते. चेहरा नाही म्हणून आपण त्या पोकळीत डोकावतो आणि मनात आपोआप कोणाचा तरी चेहरा उमटतो. तो कोणाचा उमटला आणि तोच का उमटला, हा प्रश्न मग आपला आपल्यालाच पडतो. आम्ही जिला कोरी जागा म्हणत होतो, तिचे हे केवढे मोठे रूप! भोवतालचा तो लख्ख पांढरा रंगही अर्थपूर्ण आहे. झोरा नील हर्स्टन या लेखिकेने १९२८ साली लिहिले होते की, आपण काळ्या आहोत याची जाणीव आपल्याला सर्वाधिक होते ती आजूबाजूला सारे पांढरे असते तेव्हा. रँकिन यांच्या पुस्तकात हा विचार आतही येतो. म्हणजे पुस्तकाचा गाभाच मुखपृष्ठाचा कागद होऊन समोर येतो.

आत काय आहे? लहान लहान प्रसंग. काही लेखिकेचे, काही तिने मित्रमैत्रिणींकडून जमवलेले. एक जवळची मैत्रीण बोलण्याच्या ओघात हिला आपल्या कृष्णवर्णीय मोलकरणीच्या नावाने हाक मारते. विमानात खिडकीशी बसलेली स्त्री पाहून एक मुलगी आईला म्हणते की, जागा आपल्याच आहेत, पण असे काही वाटले नव्हते. मानसिक आघातांवर उपचार करणाऱ्या एका बाईंशी दूरध्वनीवर वेळ ठरवून ही त्यांच्या दारी जाते. दार उघडताच त्या बाई ‘इथे काय काम आहे’ म्हणून ओरडतात आणि मग हीच आपली रुग्ण हे ध्यानात आल्यावर क्षमा मागत राहतात. आवाज ऐकला तेव्हा ती रुग्ण होती. चेहरा दिसला आणि ती घुसखोर झाली!

हे सारे रँकिन ‘मी’ म्हणून सांगत नाहीत. त्या ‘यू’ म्हणतात. वाचकालाच त्या खुर्चीत बसवतात. मराठी वाचकाला इथे एक वेगळीच अडचण येते. ‘यू’चे मराठी करताना ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? आपल्या भाषेत समोरच्या माणसाची पायरी ठरवल्यावाचून त्याला हाकही मारता येत नाही. कोणाला सहज ‘तू’ म्हणावे आणि कोणाला ‘तुम्ही’, हे आपण कशावरून ठरवतो, याचा विचार करू लागलो की हे पुस्तक अमेरिकेतून थेट आपल्या ओटीवर येते.

पुस्तकात एक पान स्मरणार्थ आहे. मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांची नावे त्यावर एकाखाली एक छापलेली आहेत. पुढील मुद्रणांत त्या यादीत नवी नावे घालण्यात आली. साधारणतः नव्या मुद्रणात लेखक छपाईच्या चुका दुरुस्त करतो. इथे मृतांची संख्या दुरुस्त करावी लागली.

या मुखपृष्ठाची खरी परीक्षा नोव्हेंबर २०१५ मध्ये झाली. इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे डोनाल्ड ट्रम्प यांची प्रचारसभा होती. त्यांच्या मागच्या रांगांत, कॅमेऱ्यात दिसेल अशा जागी, एक तरुण कृष्णवर्णीय स्त्री बसली होती. सभेत निदर्शकांना दिलेली वागणूक तिला रुचली नाही. तिने आरडाओरडा केला नाही, ती उठून गेली नाही. तिने पिशवीतून ‘सिटिझन’ काढले, डोळ्यांसमोर धरले आणि ती वाचत बसली. मागच्या माणसाने खांद्यावर हात लावून पुस्तक ठेवून देण्यास सांगितले. तिने ठेवले नाही. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना एकही शब्द ऐकू आला नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवरची ती रिकामी टोपी मात्र साऱ्यांनी पाहिली. योगायोग असा, की ती टोपी घडवणारे हॅमन्स यांचा जन्मही याच स्प्रिंगफील्डचा, १९४३ मधला.

हे सगळे वाचून अमेरिकन लोक किती वाईट, असे म्हणून पुस्तक मिटले तर ते फुकट गेले. आपल्या घरात नवे बाळ येते, तेव्हा कौतुकाचे पहिले वाक्य कोणते असते? “रंग आईवर गेलाय, नशीब!” सावळ्या मुलीसमोर तिच्या लग्नाची चिंता आपण मायेने करतो. गोरेपणाची हमी देणाऱ्या एका प्रसिद्ध मलमाने २०२० मध्ये नावातून ‘फेअर’ हा शब्द काढला. आपल्या बोलण्यातून तो गेला का? शेजारी राहायला आलेल्या मणिपूरच्या किंवा नागालँडच्या मुलीला आपण पहिल्या भेटीतच “तुम्ही कुठल्या देशाच्या?” असे विचारतो. तिच्यासारख्यांच्या दिसण्यावरून होणाऱ्या चेष्टेचे टोक जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत दिसले. केसांवरून झालेल्या थट्टेतून भांडण पेटले, मारहाण झाली आणि अरुणाचलचा नीडो तानिया हा विद्यार्थी मरण पावला. त्यानंतर केंद्र सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली. थट्टा आणि मृत्यू यांच्यातील अंतर आपण समजतो तेवढे मोठे नसते. आणि मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात आपण ज्यांच्याशी दोन शब्द बोलतो, त्यांत आपल्या वाडीवर राबणारी आदिवासी बाई किती वेळा असते?

कोणाला दुखवायचे नाही एवढे ठरवून भागत नाही. दुखवण्याचा हेतू ‘खरी नर्स कधी येणार’ म्हणणाऱ्या आजींचाही नव्हता. माणसाचे नाव, रंग, आडनाव पाहताच आपल्या मनात जो तयार मजकूर उमटतो, तो आपला आहे, त्याचा नव्हे, हे ओळखणे ही पहिली पायरी. आणि त्याने कधी ‘मला हे लागले’ असे सांगितले, तर ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ हे वाक्य ओठांवर येण्याआधी त्याचे ऐकून घेणे ही दुसरी. चित्रकलेच्या वर्गात मी मुलांना सांगत असे की समोर मडके ठेवले असेल तर मनातले मडके काढू नका, समोरचे काढा. मनातले नेहमी गोल गरगरीत असते, समोरच्याला पोचा असतो, आणि त्या पोच्यामुळेच ते ओळखू येते. माणसे पाहतानाही याहून वेगळे काही करायचे नसते. थोडे थांबायचे, आणि समोरच्याला स्वतःचे पुस्तक स्वतः उघडू द्यायचे.